पाचट पेटवून पंढरीला?



माघ वारीत संध्याकाळच्या मुक्कामाला पोहोचेपर्यंत अंधार पडतो. त्या शेवटच्या दोन-तीन कोसांत, गेल्या कित्येक वर्षांत, उजव्या किंवा डाव्या हाताला एखादा फड पेटलेला दिसला नाही अशी संध्याकाळ मला आठवत नाही. हरिपाठ चालू असतो, टाळ वाजत असतात आणि जळक्या पाचटाच्या काळ्या कात्र्या वाऱ्यावर उडत येऊन आपल्या टोप्यांवर आणि डोक्यावरच्या तुळशीवर बसतात. आपण त्या झटकतो आणि पुढचा अभंग उचलतो. ज्याचा फड पेटला आहे तोही बहुतेक वेळा माळकरीच असतो. बांधावर उभा राहून तो दिंडीला हात जोडतो, मागे ज्वाळा उठत असतात.

त्या कात्र्यांबद्दल मला बोलायचे आहे. गोड बोलणार नाही. राग आला तर येऊ द्या, पण वाचून मग या.

आधी माझे पाप सांगतो. वीस-बावीस वर्षे मीही पाचट पेटवत होतो. टोळी फड खाली करून गेली, वाढे जनावरांना गेले, की संध्याकाळी वारा पडल्यावर काडी लावायची आणि सकाळी काळेभोर, मोकळे रान बघून समाधान मानायचे. एका वर्षी सकाळी खोडव्याला पाणी सोडायला गेलो, तर सरीत सशाची दोन पिले दिसली. जळालेली नव्हती, भाजलेली होती. एकाचे पोट अजून हलत होते. माझ्या गळ्यात माळ होती. अंड्याचा वास आला तर मी पंगतीतून उठणारा माणूस! त्या दिवशी मी घरी काही बोललो नाही. पुढच्या वर्षी मात्र काडी लावायला हात गेला नाही, आणि मग हे पाचट नेमके आहे तरी काय, हे विचारत सुटलो. कृषी खात्याच्या माणसाला विचारले, विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात विचारले, दिंडीतल्या शिकल्यासवरल्या पोरांना विचारले. जे कळले ते असे.

तुमच्या फडात एकरी चाळीस-पन्नास टन ऊस उभा राहिला. त्यातले पाणी सोडा, पण उरलेला कोरडा जिन्नस कुठून आला? आपण म्हणतो, मातीतून. सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपात व्हान हेल्मोंट नावाच्या एका वैद्याला हाच प्रश्न पडला होता. त्याने २०० पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, त्यात वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाडाचे वजन १६४ पौंडांनी वाढले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर दोन-तीन छटाकसुद्धा घटली नव्हती. तो म्हणाला, झाड पाण्याचे बनले. अर्धे चुकले बिचाऱ्याचे. उरलेले उत्तर पुढच्या शतकात लागले: झाड हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पानातून आत घेते, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करते आणि त्या साखरेपासून देठ, पान, मूळ सगळे घडवते. वाळलेल्या उसाच्या वजनात चाळीस-पंचेचाळीस टक्के कर्ब असतो, आणि त्यातला कणन्‌कण हवेतून उतरलेला असतो. मातीने खनिजे दिली ती मूठभर. तेवढीच शेवटी राखेत दिसतात.

तेव्हा पाचट म्हणजे वर्षभर उन्हात राबून पानांनी हवेतून खाली आणलेला कर्ब आहे. एकरी साधारण चार टन पाचट निघते आणि त्यात सव्वा ते दीड टन कर्ब असतो. त्याला आपण कचरा म्हणतो.

हा कर्ब एका जागी बसणारा नाही, तो पक्का वारकरी आहे. हवेतून पानात, पानातून गाईच्या पोटात किंवा आपल्या भाकरीत, तिथून श्वासावाटे पुन्हा हवेत. नाहीतर पानगळीतून मातीत आणि कुजून पुन्हा हवेत. हवाई बेटावर मौना लोआ नावाचा डोंगर आहे. १९५८ पासून तिथे हवेतला हा वायू मोजतात. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने ते काम सुरू केले. त्याला असे दिसले की दरवर्षी मे महिन्यात हा वायू सर्वात जास्त भरतो आणि सप्टेंबरअखेरीस-ऑक्टोबरात सर्वात कमी होतो. पृथ्वीच्या उत्तरेच्या अर्ध्या भागात जमीन जास्त, म्हणून झाडोराही जास्त. तिकडे पालवी फुटली, पिके वाढीला लागली की हवेतला कर्ब पानांत उतरू लागतो आणि पानगळ झाली, काढण्या झाल्या की पुन्हा वर चढतो. म्हणजे आषाढीला आपण निघतो तेव्हा हाही खाली यायला निघालेला असतो, आणि कार्तिकीला आपण चंद्रभागेच्या वाळवंटात असतो तेव्हा याची परतीची वाट सुरू झालेली असते. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा फार आनंद झाला होता. अजूनही होतो.

पण त्याच मोजणीत दुसरीही गोष्ट दिसते आणि ती आनंदाची नाही. ये-जा दरवर्षी होते, तरी एकूण पातळी मागे येत नाही. १९५८ मध्ये हवेच्या दर दहा लाख भागांत ३१५ भाग कर्बवायू होता, आज ४२० च्या वर आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी शेकडो वर्षे तो २८० च्या आसपास होता. ही भर कोठून आली? वारीत चालणाऱ्यांमुळे नव्हे. चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा घ्या. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची झाडे चिखलाखाली गाडली गेली आणि त्यांचा कर्ब तिथेच समाधिस्थ झाला. ती समाधी आपण उकरली आणि दोनशे वर्षांत जाळत आणली. तेलाचेही तसेच. येरझार घालणाऱ्यांच्या पंगतीत हे जुने पाहुणे येऊन बसले आणि त्यांना परत जायला वाट नाही. झाडे आणि समुद्र मिळून त्यातले निम्मे कसेबसे पोटात घेतात, बाकीचे निम्मे वरच राहते आणि पृथ्वीवर गोधडीसारखे पडून ऊब धरते.

इथे लगेच कोणीतरी विचारतो, आणि कीर्तनात टाळ्या घेण्यासाठी विचारतो, की श्वासातूनही कर्बवायूच बाहेर पडतो, मग आम्ही श्वास घ्यायचा नाही काय? घ्या माउली, खुशाल घ्या. माणूस दिवसाला साधारण एक किलो कर्बवायू सोडतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत गेलात तर अठरा-वीस किलो होईल. पण तो तुम्ही खाल्लेल्या भाकरीतला आहे, आणि भाकरीत तो मागच्याच हंगामातल्या हवेतून आला होता. घेतले तेवढे दिले, हिशेब मिटला. मात्र दिंडीमागे चालणारा ट्रक एक लिटर डिझेल जाळतो तेव्हा अडीच किलोंहून जास्त कर्बवायू सुटतो, आणि तो मागच्या हंगामातला नसतो. या दोहोंना एकाच तराजूत घालणाऱ्याला तराजू कळत नाही. (आमच्या दिंडीमागे दोन ट्रक असतात. सामान, म्हातारी माणसे, पाण्याचा टँकर. ते मी नाकारत नाही. पण दर्शनी गाड्यांचा जो ताफा हल्ली मागे लागतो त्याबद्दल एकदा स्वतंत्रच लिहावे लागेल.)

आता खरा आक्षेप. आमच्या दिंडीत कृषी पदवीधर झालेला एक मुलगा आहे. तो मला म्हणाला, "बाबा, तुमच्याच हिशेबाने बघा. पाचटातला कर्बसुद्धा मागच्या हंगामातलाच. जाळला तर एका रात्रीत हवेत जाईल, कुजवला तर दोन वर्षांत जाईल. शेवटी हवेतच जायचा ना? मग पेटवणाऱ्याने कोणते पाप केले?"

या प्रश्नाने मी दोन दिवस गप्प होतो, कारण तो बरोबर आहे. पाचट कुजते तेव्हा त्यातला बहुतेक कर्ब सूक्ष्म जीवांच्या श्वासावाटे हवेतच परत जातो. दहातला एखाद-दुसरा वाटा मातीत टिकाऊ रूपात उरतो. जे लोक सांगतात की पाचट कुजवा म्हणजे जगाचे तापमान उतरेल, ते वाढवून सांगतात. आपली बाजू खरी असली म्हणून खोटे बोलायची मुभा मिळत नाही.

पण त्या मुलाचे गणित एका ठिकाणी अपुरे पडते. कर्ब जातो खरा, पण जाताना कोणाच्या घरून जातो? पेटवला तर थेट धुरातून गेला, कोणाच्या मुखात पडला नाही. कुजवला तर आधी बुरशी जेवते, मग जिवाणू, मग वाळवी-गोम, मग गांडूळ. एकाचे उष्टे दुसरा खातो. गोपाळकाल्यात प्रत्येकाच्या शिदोरीतले एकत्र होते आणि कोणी उपाशी उठत नाही, तसे मातीत चालते. आणि त्या पंगतीच्या शेवटी भांड्याला जे चिकटून राहते त्याला आपण सेंद्रिय कर्ब म्हणतो. तोच काळेपणा, तीच भुसभुशी. पावसाचे पाणी धरून ठेवणारा तो, खत धरून ठेवणारा तो.

तुमची माती परीक्षणाची पत्रिका काढून बघा. सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात काय लिहिले आहे? ०.४० च्या खाली असेल तर कमी, ०.२० च्या खाली असेल तर अत्यंत कमी. माझी ०.३६ होती. वडिलांच्या काळात ही मोजणी नव्हती, पण तेव्हा नांगर मागे फिरला की बगळ्यांची रांग लागायची एवढे मला आठवते. बगळे गांडुळांसाठी येत. आता ट्रॅक्टरमागे धूळ उठते.

हा आकडा वाढवणे सोपे नाही, हेही सांगून टाकतो. एक एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण आठ लाख किलो माती असते. कर्ब ०.४० वरून ०.५० करायचा तर त्यात आठशे किलो टिकाऊ कर्ब मुरायला हवा. एका वर्षाचे पाचट त्यातले दीडशे-दोनशे किलो देईल. म्हणजे चार-पाच वर्षे एकदाही काडी न लावता राहायचे, आणि ते तरी दुसऱ्या बाजूने रोटाव्हेटर घालघालून आहे तो कर्ब उडवला नाही तर. एका काडीने जे जाते ते मिळवायला इतका वेळ लागतो. पृथ्वीच्या पाठीवरच्या सगळ्या झाडाझुडपांत आणि सगळ्या हवेत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून अधिक मातीत आहे. आभाळाच्या चिंतेने वर बघणाऱ्यांनी खाली बघावे ते यासाठी.

शिवाय धुरातून नुसता कर्बवायू जात नाही. पाचटातले नत्र जवळजवळ सगळे जाते, गंधक बरेचसे जाते. दहा टन पाचटात चाळीस-पन्नास किलो नत्र असते. संध्याकाळी ते पेटवायचे आणि आठवड्याने सोसायटीत युरियाच्या रांगेत उभे राहायचे! नीट न जळालेल्या पाचटातून मिथेन सुटतो, काजळी सुटते, विषारी कर्बवायू सुटतो. हा माल मात्र मागच्या हंगामात हवेत नव्हता. कर्ब तोच, पण रूप बदलून, जास्त घातक होऊन गेला. त्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, हे मात्र परीक्षेत आले होते.

एक कीर्तनकार मला म्हणाले की अग्नी पावन आहे, राख म्हणजे विभूती, शेताला राख लागली तर बरेच झाले. मी त्यांच्या पाया पडलो आणि विचारले, महाराज, तुमचे शेत किती? ते म्हणाले, नाही. राखेत पालाश राहतो, थोडे स्फुरद राहते, हे खरे. वारा सुटला की ती शेजाऱ्याच्या विहिरीत असते हेही खरे. ज्ञानोबारायांपासून तुकोबारायांपर्यंत आपल्या संतांनी पेरणी, मळणी, मोट, पाट यांचे किती दृष्टांत दिले! त्यांचा परमार्थ मातीत पाय रोवून उभा आहे. अरणच्या सावता महाराजांची कथा तर प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे: ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देव मळ्यात आला. आजही देवाची पालखी पंढरपुरातून अरणला जाते. त्या मळ्यात देव आला तेव्हा तो पेटलेला असता तर?

आणि आपली अहिंसा फक्त ताटापुरती आहे काय? उभ्या फडात आणि पडलेल्या पाचटात किती जीव राहतात याची मोजदाद करा. ससे, मुंगसे, घोरपडी, लावे, तितर, धामणी. तुम्ही म्हणाल, उंदीर आणि सापही. हो, तेही. तोडणीवाल्यांना सापाची भीती खरी आहे आणि पाचटात हात घालताना मलाही वाटते. त्यासाठी पायात बूट आणि हातात काठी हवी. धामण जाळून उंदीर कमी होत नाहीत, एवढे तरी शेतकऱ्याला सांगायला नको. काही ठिकाणी तर तोडणी लवकर उरकावी म्हणून उभा ऊसच पेटवतात. जळीत उसाला दर कापून मिळतो, वजन घटते, तरी पेटवतात.

आता झाडांचे. दरवर्षी वारीच्या वाटेवर रोपे लावण्याचा सोहळा होतो. हार, फोटो, भाषण. पुढच्या वर्षी तिथे खड्डा असतो आणि त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते. रस्ता रुंद झाला तेव्हा जे जुने वड आणि चिंचा गेल्या, त्यांच्या एकेका बुंध्यात कित्येक टन कर्ब शंभर वर्षे उभा होता. बोटाएवढ्या रोपाने तो भरून यायला आपल्या पणतूला वाट पाहावी लागेल, आणि तेही कोणी पाणी घातले तर. रोपे लावू नका असे मी म्हणत नाही. पण ज्याने माघात चार एकर पाचट पेटवले त्याने आषाढात एक रोप लावून हिशेब मिटला असे समजू नये.

"कारखाने, विमाने, परदेशातले श्रीमंत लोक इतका धूर सोडतात, आणि तुम्ही आमच्या एकरभर पाचटावर घसरता?" हे ऐकून ऐकून कान किटले. मोठा धूर त्यांचाच आहे, यात वाद नाही, आणि त्यांना जाब विचारायलाच हवा. पण त्यांनी कोळसा जाळणे थांबवले तरी तुमच्या रानाचा कर्ब ०.३६ चा ०.३७ होणार नाही. तो फक्त तुमच्या हातात आहे.

राहता राहिला मजुरीचा प्रश्न, आणि पेटवणाऱ्यांचे एकच म्हणणे मला पटते ते हे. पाचट नुसते पडू दिले तर फुटवा नीट येत नाही, पाणी पुढे सरकत नाही आणि ऊस पिवळा पडतो. पिवळा का पडतो? पाचटात कर्ब फार आणि नत्र फार थोडे. कुजवणारे जीव मग मातीतले नत्र ओढून घेतात. म्हणून शिफारस अशी आहे की बुडखे जमिनीलगत कोयत्याने छाटायचे, पाचट सरीत दाबून बसवायचे, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे आणि पाणी द्यायचे. तण कमी येते, पाण्याची एखाद-दुसरी पाळी वाचते. पण बुडखे छाटायला माणूस मिळत नाही, कुट्टी यंत्राचे भाडे परवडत नाही, आणि दोन एकरवाला म्हणतो, काडीपेटी दोन रुपयांना मिळते. त्याला मी काय सांगू? प्रवचन त्याच्या उपयोगाचे नाही.

आमच्या दिंडीने गेल्या तीन वर्षांपासून एक केले आहे. भजनाला जसे आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतो, तसे तोडणीनंतर एकमेकांच्या फडात जमतो. सकाळी काकड आरती झाली की नऊ-दहा जण कोयते घेऊन जातो. एकर-सव्वा एकराचे बुडखे जेवणापर्यंत छाटून होतात. पाचट दाबायला बायाही येतात आणि आमच्यापेक्षा भराभर दाबतात. ज्याचा फड त्याच्याकडे पिठले-भाकरी. पहिल्या वर्षी तीन फड झाले, गेल्या वर्षी अकरा. दोघांनी मध्येच सोडले, त्यांचा खोडवा पिवळा पडला होता. युरिया टाकायचा राहिला होता. माझ्या रानाची पत्रिका या उन्हाळ्यात पुन्हा करून घेणार आहे. आकडा हलला नसेल तरी तो जसाच्या तसा याच पानावर कळवीन.

माघी दशमीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही चार फड करणार आहोत. तुमची दिंडी त्या वाटेने येत असेल तर एक सकाळ थांबा. कोयता स्वतःचा आणा, आमच्याकडे पुरत नाहीत.